डॉट आयओ हा देश कुठे आहे?

गेल्या महिन्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये एक किरकोळ वाद झाला. आमचा नितीन (नाव बदललंय, तो हा ब्लॉग वाचतो) स्वतःच्या एका साइड प्रोजेक्टसाठी डोमेन शोधत होता. डॉट कॉम कधीच कुणीतरी पटकावलेलं. मग नेहमीप्रमाणे कुणीतरी म्हणालं, "डॉट आयओ घे ना, भारी वाटतं." मला उगाच शंका काढायची सवय. विचारलं, "हा कुठल्या देशाचा कोड आहे रे?" तर नितीन म्हणतो, "देश कसला? इनपुट-आउटपुट!"

आता ज्यांनी कधी डीएनएसमध्ये हात घातलाय त्यांना माहीत असेल की दोन अक्षरी डोमेन म्हणजे कुठल्या ना कुठल्या देशाचा किंवा प्रदेशाचा कोड. डॉट इन आपला, डॉट टीव्ही टेलिव्हिजनचा नाही तर तुवालू नावाच्या चिमुकल्या देशाचा. तसा डॉट आयओ हा १९९७ पासून 'ब्रिटिश इंडियन ओशन टेरिटरी' नावाच्या प्रदेशाचा कोड आहे. जगभरचे स्टार्टअप ज्या प्रदेशाची पाटी दारावर लावून बसलेत, त्या प्रदेशात दिएगो गार्सियावरच्या लष्करी तळाखेरीज काही नाही. तिथे घर असलेला, तिथे जन्मलेला, तिथेच मरणार असा एकही माणूस नाही.

म्हणजे कधीच नव्हता असं नाही. होते, दीड-दोन हजार होते. त्यांना काढलं. आणि काढल्यावर ते कोर्टात गेले. त्या खटल्यांची निकालपत्रं वाचण्यात माझे दोन वीकएंड गेले. (बायकोने विचारलं, "हे कामाचं आहे का?" म्हटलं, नाही. "मग भाजी घेऊन ये." आणली.) निकालपत्रं हा प्रकार आपण उगाच कंटाळवाणा समजतो. चांगला न्यायाधीश असेल तर ती रहस्यकथेसारखी वाचवतात. फक्त इथे खुनी कोण ते पहिल्या पानावरच कळतं, आणि तो सुटणार की नाही एवढंच बघायचं असतं.

तर आधी भूगोल. कन्याकुमारीच्या खाली, मालदीव ओलांडून आणखी दक्षिणेला गेलं की चागोस नावाचा द्वीपसमूह लागतो. सगळ्यात मोठं बेट दिएगो गार्सिया. त्याच्या उत्तरेला सुमारे दोनशे किलोमीटरवर पेरोस बान्योस आणि सालोमाँ. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचांनी इथे नारळाच्या बागा लावल्या आणि राबायला मादागास्कर, मोझांबिकहून गुलाम आणले. १८१४ च्या पॅरिस तहात मॉरिशसबरोबर ही बेटं इंग्रजांकडे आली. गुलामी गेल्यावर थोडे भारतीय मजूरही आले. सगळे मिसळून गेले, त्यांची एक क्रिओल बोली तयार झाली. खोबरं वाळवायचं, तेल काढायचं, मासे धरायचे, कोंबड्या-डुकरं पाळायची. चर्च होतं, दफनभूमी होती. पाच-पाच पिढ्या तिथे पुरल्या गेल्या होत्या. हे मुद्दाम सांगतोय. पुढे सगळा वाद याच एका गोष्टीवर येणार आहे.

साठच्या दशकात इंग्रज हिंदी महासागरातून आवराआवर करायला लागले आणि अमेरिकेला तिथे तळ हवा झाला. अट एकच: आजूबाजूला लोक नकोत. लोक असले की उद्या स्वातंत्र्य मागतात, मोर्चे काढतात, तळ हलवा म्हणतात. चागोस तेव्हा मॉरिशस वसाहतीचा भाग होता आणि मॉरिशस स्वातंत्र्य मागत होतं. सप्टेंबर १९६५ मध्ये लंडनला बोलणी चालू असताना पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी मॉरिशसचे नेते शिवसागर रामगुलाम यांना वेगळं बोलावून घेतलं. त्या भेटीआधी विल्सनच्या सचिवाने त्याला जी चिठ्ठी दिली तिचा मतलब असा: या माणसाला आशा दाखवून घाबरवायचं. आशा स्वातंत्र्य मिळण्याची, भीती ते न मिळण्याची. रामगुलाम काय करणार? ८ नोव्हेंबर १९६५ रोजी चागोस मॉरिशसपासून तोडून नवी वसाहत बनवली गेली, मॉरिशसला ३० लाख पौंड मिळाले आणि १२ मार्च १९६८ ला स्वातंत्र्य. अमेरिकेने रोख भाडं दिलं नाही. ब्रिटनला पोलारिस क्षेपणास्त्रं विकताना १ कोटी ४० लाख डॉलरची सूट दिली आणि ती आपल्या संसदेपासूनही लपवली. सगळं जग वसाहती सोडत असताना ब्रिटनने ही एक ताजी वसाहत जन्माला घातली. इन्शियल कमिटच संशयास्पद म्हणतात तसं.

इथे एक उपकथा सांगितल्याशिवाय राहवत नाही. याच नव्या वसाहतीत अल्दाब्रा नावाचं आणखी एक बेट होतं, आणि तिथेही विमानतळ बांधायचा विचार होता. पण अल्दाब्रावर महाकाय कासवं आहेत. ब्रिटनची रॉयल सोसायटी आणि अमेरिकेची स्मिथसोनियन संस्था, दोन्हींकडच्या शास्त्रज्ञांनी जोरदार विरोध केला, पार्लमेंटात प्रश्न आले आणि १९६७ साली तो बेत रद्द झाला. कासवं वाचली. चांगलंच झालं, माझा कासवांवर राग नाही. पण चागोसच्या माणसांसाठी पत्र लिहिणारं तेव्हा लंडनमध्ये कुणी नव्हतं.

आता मुख्य अडचण. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेनुसार एखाद्या वसाहतीत कायमची वस्ती असेल तर तिच्या भल्याचा हिशेब संयुक्त राष्ट्रांना द्यावा लागतो. म्हणजे माणसं आहेत म्हटलं की प्रश्न आले. मग अधिकाऱ्यांनी जे केलं ते आपल्या धंद्यातल्या लोकांना लगेच कळेल. डेटाबेसमधलं रेकॉर्ड डिलीट करता येत नसेल तर त्याचा टाइप बदला. 'रहिवासी' काढा, 'कंत्राटी कामगार' टाका. पाच पिढ्यांचे रहिवासी एका फटक्यात मॉरिशस-सेशेल्सहून कामाला आलेले तात्पुरते मजूर झाले. १९७० साली परराष्ट्र खात्याच्या एका कायदा सल्लागाराने टिपण लिहिलंय, त्यात एका भागाला सरळ शीर्षकच दिलंय: 'ही कल्पित कथा टिकवून ठेवणे'. एवढा स्वच्छ कागद कुणी फायलीत ठेवतो का? इंग्रज ठेवतात. आणि तीस वर्षांनी तो उघडतातही. या गुणाबद्दल मात्र त्यांना मानलं पाहिजे.

१९६६ चं दुसरं टिपण जास्त कुप्रसिद्ध आहे. खात्याचा सर्वोच्च अधिकारी लिहितो की आपल्याला असे काही खडक मिळवायचेत की जिथे समुद्रपक्ष्यांशिवाय मूळ वस्ती नसेल, आणि पक्ष्यांची अजून समिती नाही. त्याखाली दुसरा अधिकारी हाताने लिहितो की दुर्दैवाने पक्ष्यांबरोबर काही टारझन आणि मॅन फ्रायडे पण आहेत, ज्यांचं मूळ काय ते कळत नाही. रॉबिन्सन क्रूसो वाचलेल्या माणसाचा विनोद. सुशिक्षित, चांगल्या कॉलेजातला, डिनरला बोलावण्यासारखा माणूस. मला तर क्रूर माणसापेक्षा असा विनोदी माणूस जास्त भयंकर वाटतो.

माणसं काढली कशी? एकदम बंदुका रोखून नाही. सरकारने १९६७ साली नारळाच्या बागांची कंपनीच विकत घेतली. मग जे लोक दवाखान्यासाठी किंवा नातेवाइकांकडे मॉरिशसला गेले होते त्यांना परतीच्या बोटीचं तिकीट मिळेनासं झालं. ऑलिव्हिए बाँकू हे या कथेतलं मुख्य पात्र. जन्म १९६४, पेरोस बान्योस. तो चार वर्षांचा असताना त्याच्या लहान बहिणीच्या पायावरून गाडीचं चाक गेलं. बेटावर उपचार होईनात म्हणून सगळं कुटुंब मॉरिशसला आलं. मुलगी गेली. आई परतीच्या बोटीची चौकशी करायला गेली तर उत्तर मिळालं, तुमचं बेट विकलं गेलं. वडील त्या धक्क्यातून सावरले नाहीत.

मागे राहिलेल्यांचं धान्य, औषधं हळूहळू कमी केली गेली. १६ एप्रिल १९७१ रोजी इमिग्रेशन ऑर्डिनन्स निघाला: परवाना नसेल तर या प्रदेशात असणं हाच गुन्हा. स्वतःच्या घरात बसलेला माणूस घुसखोर. त्याच वर्षी दिएगो गार्सिया रिकामं केलं. जाण्याआधी बेटावरची पाळीव कुत्री खोबरं वाळवायच्या शेडमध्ये कोंडून गाड्यांच्या धुराने मारली. शेकडो होती. मुलं बघत होती. सालोमाँ १९७२ ला, पेरोस बान्योस १९७३ ला. नॉर्दवेअर नावाच्या बोटीत घोडे डेकवर आणि माणसं खालच्या तळघरात, खोबऱ्याच्या पोत्यांवर. घोड्यांची काळजी जास्त होती म्हणे.

मॉरिशस म्हटलं की आपल्याला हनिमून पॅकेज आठवतं. थोडं पुढे जाऊन तिथली मराठी मंडळी, ज्यांचे पणजोबा मुंबई बंदरातून उसाच्या मळ्यात राबायला गेले आणि ज्यांनी भाषा आणि गणपती दोन्ही जपले. चागोसच्या लोकांना मिळालेलं मॉरिशस म्हणजे पोर्ट लुईच्या कडेच्या पत्र्याच्या झोपड्या. त्यांना नारळ सोलता येत होते, पण शहरात नारळ सोलायला कोण ठेवणार? शिक्षण नाही, ओळख नाही, वर क्रिओल बोलण्याच्या ढंगावरून लोक चिडवणार. त्यांच्या बोलीत 'साग्रेन' असा एक शब्द आहे. इंग्रजी लेखक त्याचं भाषांतर करताना दोन-दोन ओळी खर्च करतात. आपल्याला सोपं आहे, आपण म्हणतो 'हाय खाल्ली'. म्हातारी माणसं साग्रेनने गेली असं ते सांगतात. हाय खाऊन गेली.

(जाता जाता: तुम्ही आज ऑफिसला मोबाइलवर नकाशा लावून आला असाल तर जीपीएस यंत्रणेचं एक भूस्थानक दिएगो गार्सियावर आहे हे लक्षात असू द्या. आपला रस्ता सापडावा म्हणून तिथे अँटेना उभा आहे.)

आता कोर्ट. पहिला दावा १९७५ मध्ये लंडनला लागला. दावेदाराचं नाव मिशेल व्हेंकाटासन. नाव वाचून मी थबकलोच, हा तर आपला वेंकटेशन असणार! त्या खटल्यातून १९८२ साली तडजोड झाली: ब्रिटनकडून ४० लाख पौंड, माणशी जेमतेम तीन हजार. त्याबदल्यात एका कागदावर अंगठे घेतले. कागद इंग्रजी कायद्याच्या भाषेत, अंगठे न वाचता येणाऱ्यांचे. आम्ही आमचे सगळे हक्क सोडतो, असं त्यात होतं. आपण सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना 'आय अ‍ॅग्री' दाबतो तसा प्रकार, फक्त इथे जन्मभूमी जात होती. या काळात आंदोलन चालवलं ते बायकांनी. पोर्ट लुईच्या रस्त्यावर उपोषणं, पोलिसांचा मार, तुरुंग. लिझेट तालात हे त्यातलं एक मोठं नाव. २०१२ साली त्या गेल्या, मॉरिशसमध्येच.

बाँकू मोठा होऊन इलेक्ट्रिशियन झाला, संघटनेचा नेता झाला. नव्वदच्या दशकात जुन्या फायली खुल्या झाल्या आणि ती सगळी टिपणं बाहेर आली. त्यांच्या जोरावर त्याने ब्रिटिश सरकारवर दावा लावला. ३ नोव्हेंबर २००० रोजी लॉर्ड जस्टिस लॉज आणि न्या. गिब्स यांनी निकाल दिला. मुद्दा बघा किती साधा आहे. वसाहतीच्या आयुक्ताला कायदे करण्याचा जो अधिकार होता तो प्रदेशाच्या 'शांतता, सुव्यवस्था आणि सुशासना'साठी होता. सरकार म्हणालं, हे शब्द फार व्यापक आहेत, त्यात काहीही बसतं. लॉज म्हणाले, पट कितीही मोठा असला तरी त्याला किनार असतेच. सुशासन कुणाचं? लोकांचं. लोकांवर राज्य करायचं असतं, त्यांना काढून टाकायचं नसतं. १९७१ च्या ऑर्डिनन्समधलं हाकलण्याचं कलम रद्द.

मला हा युक्तिवाद प्रचंड आवडला. कुठलंही मोठं तत्त्वज्ञान नाही, फक्त फंक्शनला दिलेल्या अधिकाराची मर्यादा वाचून दाखवली. त्याहून आश्चर्य म्हणजे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी त्याच दिवशी जाहीर केलं की आम्ही अपील करणार नाही. दिएगो गार्सिया सोडून बाकी बेटांवर परतायला कायद्याने मोकळीक झाली. दुपारी बाँकू कोर्टाबाहेर दोन बोटं वर करून हसतोय असा फोटो जगभर छापून आला.

प्रत्यक्षात कुणी परत गेलं नाही. जाणार कसं? बोट नाही, धक्का नाही, प्यायच्या पाण्याची सोय नाही, घरं जंगलात गडप झालेली. सरकारने शक्याशक्यतेचा अभ्यास करवला. २००२ ला अहवाल आला की वस्ती करणं खर्चाचं आणि धोक्याचं, समुद्र वाढतोय. दरम्यान ११ सप्टेंबर होऊन गेला होता आणि दिएगो गार्सियावरून उडालेली बॉम्बफेकी विमानं अफगाणिस्तानावर जात होती. (२००२ साली अमेरिकेच्या कैदी वाहून नेणाऱ्या दोन विमानांनीही तिथे इंधन भरलं होतं. आधी 'नाही नाही' म्हणत ब्रिटिश सरकारने २००८ ला ते कबूल केलं.)

मग १० जून २००४. त्या दिवशी ब्रिटनमध्ये युरोपियन आणि स्थानिक निवडणुकांचं मतदान होतं, सगळे पत्रकार तिकडे. राणीच्या प्रिव्ही कौन्सिलच्या बैठकीत दोन 'ऑर्डर्स इन कौन्सिल' निघाल्या: या प्रदेशात राहण्याचा हक्क कुणालाही नाही. ही ऑर्डर इन कौन्सिल म्हणजे काय? राजाच्या जुन्या विशेषाधिकाराखाली मंत्री हुकूम तयार करतात, राणी 'मान्य' म्हणते, झालं. पार्लमेंटात चर्चा नाही, मतदान नाही. आपल्याकडे अध्यादेशाला आपण नावं ठेवतो, पण आपला अध्यादेश संसद भरल्यावर सहा आठवड्यांत मंजूर तरी करून घ्यावा लागतो. याला तेवढंही बंधन नाही. कोर्टात चार वर्षांपूर्वी जे हरलं ते मागच्या दाराने परत आणलं. आपल्या भाषेत, बग फिक्स रिव्हर्ट करून थेट प्रॉडक्शनवर, कोड रिव्ह्यूशिवाय.

बाँकू पुन्हा कोर्टात. ११ मे २००६ ला जिंकला. २३ मे २००७ ला अपील कोर्टातही जिंकला. म्हणजे २००० पासून त्याच्या बाजूने सलग तीन निकाल. सरकार हाऊस ऑफ लॉर्ड्सकडे गेलं, आणि २२ ऑक्टोबर २००८ रोजी पाच न्यायाधीशांनी तीन विरुद्ध दोन असा निकाल सरकारच्या बाजूने दिला.

या निकालावर माझा एक पूर्ण रविवार गेला. बहुमतातले लॉर्ड हॉफमन म्हणतात की राहण्याचा हक्क ही कायद्याने दिलेली गोष्ट आहे. कायदा देतो, कायदाच काढून घेऊ शकतो. शिवाय, ते म्हणतात, व्यवहार बघा: सरकारी पैशाशिवाय तिथे कुणी राहू शकणार नाही, तेव्हा हा हक्क फक्त प्रतीकापुरता उरतो, आणि प्रतीकासाठी कोर्टाने संरक्षण धोरणात हात घालावा का? प्रामाणिकपणे सांगतो, हा मुद्दा मूर्खपणाचा नाही. पहिल्यांदा वाचताना मी मान डोलावली. हॉफमननी १९७१ च्या वागणुकीचा बचावही केलेला नाही, ती निर्दयच होती असं त्यांच्या लिखाणातून दिसतं. त्यांनी एक मोठी गोष्ट मान्यही केली: असे राजेशाही हुकूम कोर्टाला तपासता येतात. म्हणजे तत्त्व जिंकलं आणि माणूस हरला.

मग लॉर्ड बिंगहॅम यांचं अल्पमताचं निकालपत्र वाचलं आणि डोलावलेली मान परत जागेवर आली. बिंगहॅम विचारतात, हा विशेषाधिकार राजाकडे मुळात आहे तरी का? शतकानुशतकांचा इतिहास शोधला, तर एखाद्या लोकसमूहाला त्याच्या मायभूमीतून हद्दपार करायला हा अधिकार वापरल्याचं एकही उदाहरण सापडत नाही. पार्लमेंटने कायदा करून केलं असतं तर गोष्ट वेगळी. पण मग पार्लमेंटमध्ये उभं राहून सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं की आम्ही हे करतोय. अमेरिकन अधिकाऱ्यांनी सुरक्षेच्या भीतीची जी पत्रं पाठवली होती त्यांना बिंगहॅम 'अत्यंत कल्पक' म्हणतात. इंग्रजी न्यायाधीशाच्या तोंडी ही शिवीच समजा.

आणि एक छोटी गोष्ट. इतकी सगळी वर्षं परवाना काढून हौशी शिडाच्या बोटवाले सालोमाँ आणि पेरोस बान्योसला नांगर टाकून आठवडेच्या आठवडे राहत होते. किनाऱ्यावर शेकोटी, मासे भाजणं वगैरे. त्यांच्यामुळे तळाला धोका नव्हता. धोका होता तो आजीच्या थडग्यावर फुलं ठेवायला येऊ बघणाऱ्यांचा. २००६ साली शंभरेक जणांना सरकारी देखरेखीखाली काही दिवसांची भेट घडवली, थडगी साफ करायला. मग परत मॉरिशस.

पुढचं भराभर सांगतो. २००१ मध्ये अमेरिकेत लावलेला दावा 'हा राजकीय प्रश्न आहे' म्हणून २००६ पर्यंत निकालात निघाला. युरोपियन मानवाधिकार न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलं की १९८२ ला तुम्ही पैसे घेतलेत, विषय संपला. अंगठे कामी आले. १ एप्रिल २०१० ला ब्रिटनने चागोसभोवतालचा समुद्र भलंमोठं संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर केला, मासेमारी बंद. पर्यावरणवाद्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच डिसेंबरात विकिलीक्सने एक अमेरिकन तार फोडली, त्यात २००९ साली एक ब्रिटिश अधिकारी अमेरिकनांना समजावतोय की या क्षेत्रामुळे जुन्या रहिवाशांचा परतीचा दावा जवळपास बाद होईल. तिथे 'माणसाची पावलं' नसतील, 'मॅन फ्रायडे' नसतील. त्रेचाळीस वर्षांनी तोच विनोद! गंमत म्हणजे दिएगो गार्सियाचा आकार पावलासारखा आहे आणि तळावरच्या अमेरिकनांनी त्याला लाडाने 'स्वातंत्र्याचं पाऊल' असं नाव दिलंय. २०१५ मध्ये हेगच्या लवादाने हे क्षेत्र समुद्री कायद्याच्या विरुद्ध ठरवलं, पण ते मॉरिशसच्या हक्कांमुळे. बाँकूने ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टात २०१६ आणि २०१८ असे आणखी दोन निकाल झेलले. दोन्ही विरुद्ध.

शेवटी काटा हलला तो बाँकूच्या हक्काच्या नाही, तर मॉरिशसच्या नकाशाच्या प्रश्नावर. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १३ विरुद्ध १ असं मत दिलं की १९६५ ची फाळणीच बेकायदा होती, ब्रिटनने लवकरात लवकर तिथला कारभार सोडावा. मे महिन्यात आमसभेत ११६ विरुद्ध ६ मतांनी ठराव झाला. भारताने ठरावाच्या बाजूने मत दिलं. या सुनावणीत लिझबी एलिझे नावाच्या बाईंचा व्हिडिओ दाखवला होता. वाचता-लिहिता येत नाही म्हणून कागद न घेता क्रिओलमध्ये तीन-चार मिनिटं बोलल्या. वीस वर्षांची होते, पोटुशी होते, अंधारात बोटीवर चढवलं, जनावरांसारखं नेलं, बाळ जगलं नाही. न्यायालयातल्या वकिलांची पन्नास वर्षांची बाडं एका बाजूला ठेवा आणि ही चार मिनिटं ऐका. फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉरिशसने नेलेल्या बोटीतून त्या आणि बाँकू पेरोस बान्योसच्या वाळूवर उतरले. या वेळी ब्रिटनची परवानगी मागितली नव्हती.

२२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशसने करारावर सह्या केल्या: सार्वभौमत्व मॉरिशसचं, दिएगो गार्सिया ९९ वर्षं ब्रिटनच्या ताब्यात, सरासरी १० कोटी १० लाख पौंड वर्षाला. बाकी बेटांवर वस्ती करायला मॉरिशस मोकळं, दिएगो गार्सियावर मात्र नाही. सहीच्या दिवशी पहाटेच लंडनच्या हायकोर्टाने ती थांबवली होती. दिएगो गार्सियावर जन्मलेल्या दोन बायका कोर्टात गेल्या होत्या, की आमचं भविष्य ठरतंय आणि आम्हाला कुणी विचारलंच नाही. दुपारी स्थगिती उठली, सही झाली. करार अमलात यायला संसदेची मोहोर लागते, आणि सहीनंतर लंडनमध्ये त्यावरून नव्याने भांडणं जुंपली. चागोसचे लोकही एकमताचे नाहीत. बाँकू मॉरिशसच्या बाजूने. लंडनजवळच्या क्रॉलीत हजारोंनी राहणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना मॉरिशस म्हणजे आपल्या नावावर पैसे घेऊन आपल्याला झोपडीत ठेवणारा देश वाटतो. बाहेरच्या माणसाने यात कुणाला शहाणपण शिकवावं असं मला वाटत नाही. पण १९६५ ला त्यांना टेबलावर बोलावलं नव्हतं आणि २०२५ लाही नाही, हे खटकतं.

हे सगळं मी नितीनला जेवताना सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे हा प्रदेशच गेला तर डॉट आयओ बंद होणार?" प्रश्न बरोबर होता. युगोस्लाव्हिया गेल्यावर डॉट वाययू २०१० साली बंद झालं. उलट सोव्हिएत युनियन जाऊन इतकी वर्षं झाली तरी डॉट एसयू चालूच राहिलं. म्हटलं, देश जाऊ शकतो, डोमेन टिकतं, काही सांगता येत नाही. नितीनने तीन वर्षांचे पैसे भरले आहेत. साइटवर अजून 'लवकरच येत आहोत' एवढीच पाटी आहे.